नऊ मुली आणि काठीवाला माणूस

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळाचे प्रमुख श्री. पद्मनाभ, खास वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे डॉ. चारुदत्त, व्यासपीठावर बसलेल्या सौ. अंजली, सिंगापूरच्या दुसऱ्या टोकाहून, वुडलँड्सपासून, दोन-दोन गाड्या बदलून क्लेमेंटीला पोचलेली मंडळी, मागच्या रांगेत फोन बघत बसलेली तरुण मंडळी, आणि जिच्यासाठी आपण सगळे जमलो ती आमची करीनबाई, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मी भाषण करणारी बाई नाही. माझी शाळा तिसरीपर्यंत, तीही सलग नाही. हा कागद मी स्वतः लिहिलाय, मोठ्या अक्षरात, कारण चष्म्याचा नंबर बदललाय आणि नवा चष्मा मंगळवारी मिळणार आहे. माझ्या सुनेने, सुचित्राने, कागद तपासून द्यायची तयारी दाखवली होती. मी दिला नाही. का दिला नाही ते शेवटी कळेल.

अध्यक्षांनी माझी ओळख करून देताना सांगितलं, हौसाबाई या सावरगावच्या बागायतदार घराण्यातल्या, माहेरी आमराई होती. छान वाचलं त्यांनी. त्यांची चूक नाही, त्यांना जे लिहून दिलं ते त्यांनी वाचलं. त्या आमराईबद्दल मला बोलायचं आहे, पण आधी पाहुणीचा मान.

करीनबाई आमच्या घरी दोन वर्षं राहिली. माझा मुलगा प्रबोध याने क्लेमेंटीतल्या आमच्या फ्लॅटची एक खोली भाड्याने द्यायची ठरवली, कारण विद्यापीठ बसने दहा मिनिटांवर आहे आणि विद्यार्थी मिळतात. मला वाटलं, येईल कोणीतरी पुण्याचा पोरगा, रात्री बारा वाजता मॅगी करणारा. आली अठ्ठावन्न वर्षांची अमेरिकन बाई, सहा फूट उंच, दोन बॅगा आणि एक सूक्ष्मदर्शक घेऊन. ती डासांवर संशोधन करते. घरात डास आला की मी मारायला धावते आणि ती त्याची जात विचारायला. पहिल्या महिन्यात आमचे यावरून तीन वेळा वाद झाले. मी मराठीत भांडत होते, ती इंग्रजीत. दोघींना दोघींचं सगळं कळत होतं.

ही बाई आपल्या मंडळात कशी आली हे तुम्हाला ठाऊक आहे. गणपतीत तिने एकवीस मोदक वळले, त्यातले चार उकडताना फुटले नाहीत. रविवारच्या वर्गात तिने मुलांना डासाची अळी बाटलीत दाखवली आणि नंतर सहा महिने आपल्या पोरांनी घरातल्या प्रत्येक कुंडीतलं पाणी ओतून दिलं. माझ्या तुळशीचंसुद्धा. एवढं सगळं करून ती आता परत चालली आहे, आयोवा नावाच्या राज्यात, वडिलांजवळ राहायला. आणि ते वडील अजून आहेत, म्हणूनच मी आज इथे उभी राहू शकते. नाहीतर मी उभी राहिले नसते. तापाचं सोंग घेऊन घरी पडले असते.

कशामुळे, ते सांगते. जेवण थंड होईल म्हणून अंजलीताई घड्याळ बघताहेत. अंजलीताई, भाजी परत गरम करता येते.

करीनबाईच्या टेबलावर एक जुना फोटो असतो. पिवळा पडलेला, कडा खाल्लेला. शेत आहे, मागे एक लांबलचक कौलारू इमारत. पुढे नऊ मुली रांगेत, डोक्याला रुमाल बांधलेल्या. आणि एका टोकाला एक माणूस, बूट घातलेला, कोटाला घड्याळाची साखळी, हातात काठी. फोटोच्या मागे लिहिलंय, नेल्स, १८८७. बस, एवढंच.

डावीकडून तिसरी मुलगी करीनबाईची पणजी. नाव आना. ही आना पुढे दोन वर्षांनी कोपनहेगनहून बोटीत बसून अमेरिकेला गेली, तिथे सोरेनसन नावाच्या डॅनिश माणसाशी लग्न केलं आणि तिथेच मेली. करीनबाईच्या वडिलांना तिनेच वाढवलं, म्हणजे ती त्यांची आजी. त्यांची आई बाळंतपणात गेली होती. हे वडील चौदा वर्षांचे असताना आना गेली. तिच्या कबरीवर दगड बसवला. त्या दगडावर नाव आहे, जन्माचं साल आहे, मरणाचं साल आहे, आणि 'जन्मगाव' एवढं कोरून पुढची जागा मोकळी. नवऱ्याने विचारलं होतं तिला मरताना, काय लिहू. म्हणाली, नंतर सांगते. नंतर कुठे असतं.

त्या मोकळ्या जागेचं त्या म्हाताऱ्याने आयुष्यभर डोक्यात घेतलं. त्याची स्वतःची जागा त्याच दगडाच्या शेजारी राखून ठेवलीय. त्याला लहानपणी कोणीतरी नातेवाइकाने सांगितलं होतं, तुझ्या आजीला घरच्यांनी हाकलून दिलं होतं, म्हणून ती गावाचं नाव घेत नाही. लहान पोराला असं काहीतरी सांगून ठेवणारे नातेवाईक सगळ्या देशांत असतात. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या त्या माणसाचं एकच म्हणणं: माझ्याआधी तिच्या दगडावर गाव लागू दे. तिला कुठून हाकललं ते तरी मला कळू दे.

आता करीनबाई शिकलेली. तिने शोध घेतला बारा वर्षं. बोटीच्या यादीत आनाचा मुक्काम लिहिलाय, लोलान. हे डेन्मार्कचं एक बेट आहे, सपाट, काळ्या मातीचं. म्हणून ती लोलानची. म्हणून हा नेल्स तिचा बाप, या बाकीच्या तिच्या बहिणी, आणि मागे दिसतं ते त्यांचं घर. झालं. बारा वर्षं त्या बेटावरच्या प्रत्येक चर्चची जन्माची वही बघून झाली. आनाच्या हातची जन्मतारीख त्यांच्या घरच्या बायबलात लिहिलेली आहे, ३ मार्च १८६८. त्या तारखेला त्या बेटावर आना नावाची मुलगी जन्मलेलीच नाही. आडनावावरून शोधावं तर आडनाव असं, की एक हाक मारली तर अर्धं बेट ओ देईल.

२०१४च्या दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी, फराळ करताना तिने तो फोटो मला पहिल्यांदा नीट हातात दिला. माझी नात जाई शेजारी बसून चकली खात भाषांतर करत होती. करीनबाई म्हणाली, हे माझ्या पणजीचं कुटुंब.

मी फोटो बघितला आणि मला लगेच कळलं, हे कुटुंब नाही.

अहो, नऊ मुली आणि सगळ्या सतरा ते एकवीसच्या. एका आईच्या असतील तर त्या आईला श्वास घ्यायला तरी वेळ मिळाला असेल का? प्रत्येकीच्या गुडघ्याला गोणपाट बांधलेलं. गोणपाट कोण बांधतं? जी दिवसभर गुडघ्यावर चालते ती. प्रत्येकीच्या हातात आखूड दांड्याची कुदळ, सगळ्या कुदळी एकाच मापाच्या, एकाच भट्टीतल्या. घरात नऊ कुदळी असतील तर नऊ तऱ्हेच्या असतात, एकीचा दांडा मोडका, एक आजोबांची, एक शेजारून मागून आणलेली. सारखी अवजारं मालक देतो. आणि तो माणूस. त्याचे बूट बघा, चिखल नाही. त्याच्या हातात काठी आहे, कुदळ नाही. बाप मुलींच्या शेजारी असा उभा राहत नाही. बाप मध्ये बसतो. हा एका टोकाला उभा आहे, मोजायला.

हा मुकादम. आणि ती टोळी.

हे सगळं मला एका क्षणात कळलं आणि मी म्हणाले, "छान फोटो आहे. चकली घे अजून."

का गप्प बसले? कारण मी बोलले असते की लगेच पुढचा प्रश्न आला असता, आजी, तुम्हाला कसं कळलं? आणि त्याचं उत्तर सावरगावच्या आमराईत बसत नव्हतं.

आता सांगते. सुचित्रा, तू करीनबाईच्या कानात सांगतेयस ना, सांग, तिला हे सगळं माहीत आहे. इथे ज्यांना माहीत नाही ते मराठी आहेत.

मी सावरगावची नाही. माझं गाव हिंगणटाकळी, बालाघाटच्या डोंगरातलं, वीस घरांचं. वयाच्या नवव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंत मी ऊस तोडायच्या टोळीत होते. दसरा झाला की आमचं गाव उठायचं, बैलगाड्या निघायच्या, कारखान्याच्या आवारात उसाच्या पाचटाच्या कोप्या बांधायच्या आणि ऊस संपेपर्यंत तिथेच. म्हणून माझी तिसरी सलग नाही. पहिल्या पावसापर्यंत आम्ही गावाकडे नसायचो आणि मास्तर तोपर्यंत आमची नावं विसरायचे. आमराई नव्हती. आंबा बघितला तो कारखान्याच्या साहेबाच्या बंगल्याच्या कुंपणातून.

सोळाव्या वर्षी कोयता हातावर बसला. कारखान्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होते आमचे हे. पट्टी बांधली, चार दिवसांनी सोडली, परत बांधली. पट्टी सोडायला मला जरा जास्तच वेळा बोलावलं. पुढे लग्नाचं ठरवलं तर त्यांच्या आईपुढे काय सांगायचं? टोळीतली पोर म्हटलं असतं तर त्या बाईने विहीर जवळ केली असती, स्वतःसाठी नव्हे, माझ्यासाठी. ह्यांनी सांगितलं, सावरगावच्या बागायतदारांची मुलगी. सावरगावच का? कारण कारखान्याच्या वहीत माझं गाव सावरगावच लागलेलं होतं. ते आमच्या मुकादमाचं गाव. पुढे सासूबाई गेल्या, हे गेले, पण बागायत राहिली. वर्षागणिक तिच्यात झाडं वाढली. प्रबोधच्या लग्नात ती चाळीस आंब्यांची झाली.

तर मी गप्प बसले. दिवाळी गेली, नाताळ गेला. रोज सकाळी मी चहा घेऊन करीनबाईच्या खोलीत जायचे आणि तो नेल्स काठी घेऊन माझ्याकडे बघायचा. मी त्याला म्हणायचे, बघतोस काय.

संक्रांत होऊन दोन-तीन दिवस झाले होते. सकाळी करीनबाईला तिच्या भावाचा फोन आला. त्यांच्याकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ होती. वडील पडले होते, खुब्याचं हाड मोडलं, हृदय आधीच नाजूक, डॉक्टर ऑपरेशन करावं की नाही यावर विचार करत होते. करीनबाई स्वयंपाकघरात आली, खुर्चीवर बसली, आणि जाईला काहीतरी म्हणाली. जाईने मला सांगितलं, "आजी, तिच्या बाबांनी हॉस्पिटलमध्ये एकच विचारलं. म्हणाले, स्टोनचं काय झालं?"

मी पोळ्या करत होते. तव्यावरची पोळी करपली. चाळीस आंब्यांसाठी एक म्हातारा मोकळ्या जागेकडे बघत मरणार, आणि मला ते माहीत असणार, पावणेतीन महिन्यांपासून. माझ्यावर काही फार मोठे संस्कार झालेले नाहीत, पण एवढं मलाही जड गेलं. मी गॅस बंद केला.

म्हटलं, "जाई, तिला सांग, तो तिचा बाप नाही. मुकादम आहे."

जाई म्हणाली, "व्हॉट इज मुकादम?"

म्हटलं, "मजूर गोळा करतो, नेतो, वर उभा राहतो आणि परत आणतो. सांग."

तिने सांगितलं. मग गोणपाट सांगितलं, कुदळी सांगितल्या, बूट सांगितले. करीनबाई फोटो घेऊन आली, भिंग घेऊन आली, एकेक गुडघा बघत बसली. मग मान वर करून तिने तेच विचारलं जे मला दिवाळीपासून माहीत होतं. ती शास्त्रज्ञ आहे, पुरावा मागणारच. जाई म्हणाली, "आजी, शी वॉन्ट्स टु नो, तुला कसं माहीत?"

मी डावा हात पुढे केला. हा जो व्रण आहे अंगठ्यापासून मनगटापर्यंत, तुमच्यापैकी अर्ध्या लोकांनी विचारलाय आणि सगळ्यांना मी सांगितलंय, विळीवर कापलं. विळीवर असं कापत नाही. उसाचा बुडखा डाव्या हाताने धरतात आणि कोयता उजव्या हाताने चालवतात. करीनबाईने माझा हात उलटा केला, सुलटा केला, आणि डासाची अळी बघते तसा बघितला. 

मग जाईने तोंड उघडलं. "आजी, सीरियसली? बाबाला यू नेव्हर टोल्ड, आह?"

म्हटलं, "नाही. आणि तूही सांगायचं नाहीस."

"देन माय फॅमिली ट्री हाऊ? मी फॉर्टी मँगो ट्रीज ड्रॉ केले होते. टीचर गेव्ह मी ए, लेह."

म्हटलं, "ए राहू दे. झाडं मी नंतर तोडते."

पुढचं लवकर सांगते. करीनबाईने त्या बेटावरच्या एका छोट्या संग्रहालयाला पत्र पाठवलं, कॉम्प्युटरवरून. आठ दिवसांनी उत्तर आलं. त्या बेटावर तेव्हा साखरेसाठी बीट लावायचे. आपल्या उसासारखंच, फक्त जमिनीखाली. बिटाची रोपं विरळ करायला, खुरपायला, उपटायला माणसं पुरत नव्हती, म्हणून समुद्रापलीकडच्या स्वीडनमधून मुली आणायचे. एप्रिलमध्ये यायच्या, थंडी पडली की परत. त्या मोठ्या शेताची १८८७ची वही अजून आहे, आणि तिच्यात नेल्स आहे, आणि त्याच्या खाली नऊ नावं आहेत. आनासुद्धा. नऊच्या नऊ मुली एकाच गावच्या, असं वहीत लिहिलेलं.

घरात आनंदीआनंद. बघा, बारा वर्षं चुकीच्या देशात शोधत होतो. आना डॅनिश नव्हतीच, स्वीडिश होती. बोटीच्या ऑफिसात मुक्काम विचारला तेव्हा तिने जिथे काम करत होती ते सांगितलं. मजूर दुसरं काय सांगणार. करीनबाईने लगेच त्या स्वीडिश गावच्या चर्चच्या वह्या उघडल्या. त्या आता कॉम्प्युटरवर दिसतात. ३ मार्च १८६८ शोधलं. आना नाही. आदल्या वर्षी शोधलं, पुढच्या वर्षी शोधलं. नाही. बाकीच्या आठ मुलींपैकी सापडल्या दोन. तिकडे वडिलांचं ऑपरेशन झालेलं, पण शुद्ध येत होती, जात होती. करीनबाई पंधरा दिवस ताटापुढे नुसती बसायची, जेवायची नाही. सुचित्राला वाटलं आमटी तिखट होते.

मी जाईला म्हटलं, "तिला विचार, त्या गावात का शोधतेय?"

"बिकॉज वहीत तेच आहे, आजी."

"वहीत कोणी लिहिलं?"

"द क्लार्क?"

"आणि कारकुनाला कोणी सांगितलं? मुली एकेक करून पुढे गेल्या असतील काय, माझं गाव अमुक, माझं गाव तमुक? मुकादम पुढे होतो आणि आपलं गाव सांगतो. कारकून खाली तेच तेच ओढतो. माझंही असंच लागलं."

करीनबाईने विचारलं, मग कुठे शोधायचं? स्वीडन काय छोटं आहे?

आता इथे जरा लक्ष द्या, कारण हे मला कोणी शिकवलेलं नाही. मुकादम आपल्या गावातून मुली फार आणत नाही. गावात त्याचे गुण माहीत असतात. तो जातो बायकोच्या माहेरी. तिथे त्याची सासू शब्द टाकते, जावई आहे, नीट सांभाळील, पाठवा पोरींना. आमचा मुकादम सावरगावचा, पण आम्ही सगळे हिंगणटाकळीचे, कारण त्याची बायको हिंगणटाकळीची. म्हटलं, "करीनबाई, नेल्सची सासुरवाडी शोध."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता ही मलाच बाटलीत घालते. पण शोधली. नेल्सच्या लग्नाची नोंद मिळायला दोन दिवस लागले. बायकोचं गाव तिथून एका दिवसाच्या चालीवर, जंगलात, दगडाळ. नाव मला नीट घेता येत नाही, जाईने लिहून दिलंय, एल्मोसा. त्या गावची वही उघडली. ३ मार्च १८६८, आना. बाप कूळ, आई, पाच भावंडं. बाकीच्या आठपैकी चार मुली तिथल्याच.

तिथला पाद्री घरवार वही ठेवायचा. कोण जन्मलं, कोणाचं लग्न झालं, कोण कुठे कामाला गेलं. आनापुढे लिहिलंय, एप्रिल १८८६, डेन्मार्कला कामाला गेली. आणि पुढची वही उघडली तरी त्या घरच्या यादीत आना आहे. त्याच्या पुढच्याही वहीत आहे. अकरा वर्षं. पाद्री घरी जायचा, माणसं विचारायचा, आणि आई-बाप आनाचं नाव सांगायचे. अकरा वर्षांनी कोणीतरी तिच्यापुढे लिहिलं, ठावठिकाणा कळत नाही.

हाकललेल्या मुलीचं नाव कोणी अकरा वर्षं घरच्या यादीत ठेवत नाही. म्हणजे हाकललं नव्हतं. वाट बघत होते.

मग तिने गावाचं नाव का घेतलं नाही? हे वहीत नाही, हे मी म्हणते. तिच्या नवऱ्याची आई डॅनिश होती, पक्की. करीनबाईनेच सांगितलं होतं की ती म्हातारी दारात झेंडा लावायची. त्या डॅनिश लोकांना बिटाच्या शेतातल्या स्वीडिश मुली कशा वाटायच्या, ते मला संग्रहालयाने सांगायची गरज नाही. नवऱ्याने आईला सांगितलं असणार, लोलानची आहे, चांगल्या घरची. आणि मग ते तसंच राहिलं. नंतर सांगते, नंतर सांगते करत.

करीनबाईने वडिलांना फोन लावला तो आमच्याच स्वयंपाकघरातून, स्पीकरवर. तिने गावाचं नाव सांगितलं. म्हाताऱ्याने तीन वेळा म्हणायला लावलं. मग अकरा वर्षांचं सांगितलं. बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, झालं, आपल्याच फोनवर गेला.  मग आवाज आला आणि जाई हसायला लागली. म्हणाली, "आजी, ते म्हणताहेत, आता मला पुडिंग द्या." चार दिवसांत पहिल्यांदा त्याने काही खायला मागितलं होतं.

करीनबाई रडली. मी तिला ताट वाढलं. मी रडले नाही. पावणेतीन महिने गप्प राहिले होते मी. त्यातल्या एखाद्या दिवशी तो गेला असता तर मला हे कोणाला सांगता आलं असतं? देवालासुद्धा नाही, त्याच्यासमोर मी सावरगावची म्हणूनच नाव घ्यायचे.

जूनमध्ये दगडावर गाव कोरलं. करीनबाईच्या भावाने वडिलांना चाकाच्या खुर्चीतून नेलं. त्यांनी अक्षरावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, अक्षर बारीक आहे. अजून ते जिवंत आहेत, जेवणाची तक्रार करतात, आणि करीनबाई आता त्यांच्याजवळ चालली आहे. त्या फोटोमागे तिने आता नऊच्या नऊ मुलींची नावं लिहिली आहेत. नेल्सचं नाव शेवटी ढकललंय. ते मी सांगितलं.

राहिला माझा प्रश्न. आज सकाळी मी प्रबोधला म्हटलं, मला तुझ्याशी बोलायचं आहे, बसून बोलू. खाली बस स्टॉपच्या बाकावर त्याला सगळं सांगितलं. टोळी, कोयता, सावरगाव. दोन बस गेल्या. त्याचा चेहरा पांढरा. मी म्हटलं, आता ओरडतो. तो म्हणाला, "आई, एवढंच? मला वाटलं, तुला कॅन्सर झालाय."

त्याच्या तांजोंग पगारच्या ऑफिसात तो मित्रांना दर उन्हाळ्यात आमच्या आमराईच्या गोष्टी सांगतो. रवींद्र, तुम्ही समोर बसला आहात, तुम्हीही ऐकल्यात. आमराईतले म्हणून मी त्याला खाऊ घातलेले ते आंबे वाशीच्या बाजारातले होते.

सुचित्राला कागद दिला नव्हता तो याचसाठी, आधी प्रबोधला कळायला हवं होतं. मग तिला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, म्हणून तुम्ही सकाळी पाचला भाकऱ्या थापायला घेता होय. मला वाटायचं मला टोमणा आहे." टोमणाही होता, पण मुख्य कारण ते नव्हतं.

आणि जाई. दहा महिने त्या पोरीने तोंड बंद ठेवलं. चौदा वर्षांच्या मुलीने. तिच्या वयाला मी टोळीत होते, आणि टोळीत कोणाचं गुपित सांगितलं तर रात्री कोपीत जागा मिळत नसे. तिला टोळीत घेतलं असतं.

तर आता आभार. मंडळाने हा कार्यक्रम ठेवला, त्याबद्दल अध्यक्षांचे आभार. डॉक्टरसाहेबांनी एवढा वेळ शांत ऐकलं, त्यांचे आभार. त्यांना सवय असेल, पेशंटही पाल्हाळ लावतात. अंजलीताईंनी सकाळपासून मसालेभात केला, त्यांचे आभार, आणि उशिराबद्दल त्यांनी मला रागवायचं असेल तर जेवणानंतर रागवावं. करीनबाईचे आभार, तिने पुरावा मागितला म्हणून. तिने नुसता विश्वास ठेवला असता तर मी हात पुढे केला नसता. करीनबाई, वडिलांना सांग, सिंगापूरच्या म्हातारीने विचारलंय, पुडिंग कसं होतं.

माझ्या तिसरीच्या मराठीत काही वाकडं गेलं असेल, कोणाला काही लागलं असेल, तर सांभाळून घ्या. लागायला हवं होतं त्याला लागलं असेल तर तसंच राहू द्या.

आणि एक शेवटचं काम. निशिकांत, मंडळाची वही तुम्ही लिहिता. आजच्या कार्यक्रमाचं लिहाल तेव्हा माझ्या नावापुढे सावरगाव लिहिलेलं असेल, ते खोडा. हिंगणटाकळी लिहा. आणि खोडाल तेव्हा अशी रेघ ओढा, की नंतर कोणाला बारा वर्षं शोधावं लागणार नाही.

बसते मी. वाढा आता.